परटाची तारीख

गोधड्या कधी धुवायच्या, या एका विषयावर मी आयुष्यात दोन माणसांशी कडाकडा भांडले. आधी सासूशी, मग सुनेशी. दोन्हीकडे हरले. आणि यंदाच्या आश्विनात त्या दोन्ही हरण्यांचे पेढे वाटावेत इतकी मी खुशीत आहे. माणसाला हरूनसुद्धा जिंकता येतं, हे कळायला मला एकाहत्तर वर्षं लागली. अक्कल आमच्याकडे जरा उशिराच पोचते.

भाद्रपद कलला की हवेला एक वास येतो. ओल्या भिंतींचा, कुबट कपड्यांचा, आणि त्यात मधूनच एखाद्या तापलेल्या उन्हाच्या तिरिपेचा. आठव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतसुद्धा तो येतो. या इमारतीखाली आज जिथे गाड्या लावतात तिथे आमचं वावर होतं. ज्या मातीतून मी भुईमुगाच्या शेंगा उपटल्या, तिच्याच बरोबर वर, हवेत, मी आता राहते. समोर चाकणच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं वाहत असतात, आणि मागच्या बाजूला इंद्रायणी. तिच्यावर हल्ली अधूनमधून पांढरा फेस तरंगतो. मी म्हणते, बरंय, परटाला साबण आणायला नको.

परीट म्हणजे माणूस नव्हे, पाखरू. शिकलेले लोक त्याला पांढरा धोबी म्हणतात. चिमणीहून लांबट, तोंड पांढरं, छातीवर काळा रुमाल, आणि शेपटी सारखी खालीवर, खालीवर, जशी कुणी दगडावर धुणं आपटतंय. उड्या मारत नाही, तुरुतुरु चालतो, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. पाऊस सरता सरता हिमालयाकडून, कुणी म्हणतात त्याच्याही पलीकडून येतो, सगळा हिवाळा इथे काढतो, आणि चैत्राच्या सुमाराला जायच्या आधी काठावर बसून बारीक गोड गळ्यानं काहीतरी गुणगुणतो. एवढंसं पाखरू. पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या गोधड्या त्याच्या हुकमात होत्या.

कारण माझी सासू. रखमाबाई तिचं नाव, आम्ही सुना तिला आत्याबाई म्हणायचो. घट बसायच्या आधी घरातलं चिंधीचिंधी धुऊन काढायचं ही सगळ्या मुलखाची रीत. आत्याबाई बाकीचं सगळं धुवायच्या, पण गोधड्यांना हात लावू द्यायच्या नाहीत. "परीट आल्याबिगर गोधडीला पानी लावायचं न्हाई." घट बसले तरी नाही, उठले तरी नाही. "तिथी मानसानं केली, बाई. पाखराला वरनं सांगावा येतो, पाऊस हटला म्हणून." गोधडी म्हणजे सहा-सात जुनी लुगडी एकावर एक. ती वाळायला दोन कडक उन्हं लागतात. आणि अर्धवट वाळलेली गोधडी पांघरणं म्हणजे म्हशीला मिठी मारून झोपणं.

सुरुवातीला लोक हसले, असं म्हणतात. मग दोन-तीन वर्षं सगळ्यांच्या गोधड्या भिजल्या, आत्याबाईंच्या वाळल्या, आणि गल्ली शहाणी झाली. मी लग्न होऊन आले तोवर बायका दारात येऊन विचारायच्या, "मावशी, परीट आला का?" आत्याबाई पदर सावरून अशा 'न्हाई' म्हणायच्या, की कलेक्टरानं सही नाकारावी.

मला हे सहन होईना, दरवर्षी भांडायचे. मी मॅट्रिक! गल्लीतली एकटी मॅट्रिक. बेचाळीस टक्के पडले होते, पण तो आकडा मी सासरी कुणाला सांगितला नव्हता. नाकावरचा शेंबूड पुसायची अक्कल नव्हती आणि म्हणे अंधश्रद्धा निर्मूलन करणार. मी एक वही केली. दरवर्षी परीट कुठल्या तिथीला आला आणि त्यानंतर गोधड्या किती दिवसांत वाळल्या, ते लिहायचं. एकदा तरी पाखरू चुकेल, आणि मग ही वही आत्याबाईंसमोर आपटायची, असा बेत. चार वर्षं लिहिलं. चारही वर्षं दोन उन्हांत गोधड्या खणखणीत. पाचव्या वर्षी मी चिडून लिहिणं सोडणार होते, तेवढ्यात आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला.

त्या वर्षाचा भाद्रपद मला अजून बोटांनी चाचपता येतो. घोट्याएवढा चिखल, दांडीवर तीन तीन दिवस न वाळणारी लहान मुलांची दुपटी, चुलीवर धरलेले झबल्याचे बंद. आत्याबाई मला रोज सकाळी नदीवर पाठवायच्या. "जा, बघून ये. पर नीट बघ. भुवई पांढरी आसंल त्यो आपला घरचा, बारा म्हईने हितलाच. त्येचं काय कवतिक न्हाई. समदं तोंड पांढरं आसंल त्योच पावना." दोन धोबी असतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. घरचा डोक्यापासून काळा, नुसती भुवई पांढरी, अंगानं थोराड. पाहुणा नाजूक, गोऱ्या तोंडाचा.

आता त्या वर्षी झालं असं, की माझ्या भावाला पिंपरीच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं स्कूटर घेतली. नवी कोरी, आकाशी रंगाची. त्याचा निरोप आला, "ताई, ये, तुला निगडीपर्यंत फिरवून आणतो." आणि आमच्या घरचा कायदा असा, की गोधड्यांचं धुणं झाल्याशिवाय सुनेनं माहेरी जायचं नाही. म्हणजे माझी स्कूटर त्या पाखराच्या शेपटीला बांधलेली! रोज जाते, बघते, काठ रिकामा. अविधवा नवमीच्या सकाळी गेले, तर खडकावर एक बसला होता. काळा. थोराड. भुवई पांढरी. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. घरी आले आणि म्हणाले, "आत्याबाई, आला."

"तोंड पांढरं हुतं?"

"पांढरंधोप."

बास. तेवढंच. तोंड माझं तेव्हा कसलं झालं असेल, ते आत्याबाईंना दिसत नव्हतं.

दुपारपर्यंत गल्ली नदीवर. सोड्यात भिजवलेल्या गोधड्या, त्यांच्यावर नाचणाऱ्या बायका, धोपाटण्यांचा धपाधप आवाज, एकेक गोधडी दोघी दोन टोकांना धरून पिळतायत आणि खिदळतायत. संध्याकाळी मी माहेरी. दुसऱ्या दिवशी आकाशी स्कूटरवर मागे बसून, केसात शेवंती माळून मी निघाले, आणि निगडी यायच्या आत आभाळ फाटलं. स्कूटर बंद पडली. मी ढकलली. महाराणी निघाल्या होत्या मिरवायला! तीन दिवस कोसळला. परतले तेव्हा गोठ्याच्या तुळयांवर ओल्या गोधड्या मढ्यासारख्या लोंबत होत्या, आणि घरातली सगळी माणसं गोणपाटावर निजत होती. गल्लीभर तोच वास.

आत्याबाईंनी एक ओली गोधडी चाचपली. नुसतं म्हणाल्या, "पाखरू फसत न्हाई गं. वरच कायतरी बिघडलं आसंल." पुढं घट बसल्यावर चतुर्थीला खरा परीट आला. मी बघितला. कुणाला सांगू? वहीत मी नवमीच लिहिली होती आणि तीच राहू दिली.

पुढच्या भाद्रपदात आमच्या दारात कुणी विचारायला आलं नाही. समोरच्या गिरजाबाईनं पाणवठ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं, "रखमीच्या पाखराला म्हातारचळ लागलाय." आत्याबाई ओट्यावर बसून राहायच्या. बायका पुढून जायच्या, रामराम करायच्या, पण ते विचारायच्या नाहीत. पहिल्यांदा मी भीतीनं गप्प बसले, मग लाजेनं, आणि मग त्या गेल्याच. घरात माझा हुकूम चालू झाल्यावर मी गोधड्या चारचौघींसारख्या घटाआधी धुवायला लागले. पण का कोण जाणे, वही सोडली नाही. दरवर्षी परीट बघायचा, तिथी लिहायची, पाऊस कधी हटला आणि गोधड्या किती दिवसांत वाळल्या तेही लिहायचं, वही गोधड्यांच्या पेटीत तळाशी. देवाला न सांगता केलेल्या नवसासारखं काहीतरी.

ती वही यंदा पितृपंधरवड्यात माझ्या सुनेच्या हाती लागली. वैशाली लातूरकडची, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. गोधड्या काढायला तिनं पेटी उघडली आणि वही घेऊन बसली. मी म्हटलं, टाक ती रद्दीत. ती कुठली ऐकते? रविवारभर लॅपटॉपवर जुनी पंचांगं बघून तिनं माझ्या सगळ्या तिथ्यांच्या इंग्रजी तारखा केल्या आणि त्यांची टिपकी मांडली.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मी इतकी वर्षं तिथ्या लिहीत होते. तिथी कधी सप्टेंबरात पडणार, कधी ऑक्टोबरात. तिथी हलती, पाखरू हलतं, मग सरकलं कोण ते कळणार कसं? मॅट्रिकच्या डोक्यात हे आलं नाही. सुनेच्या पडद्यावर मात्र उघडं पडलं. सुरुवातीची सगळी टिपकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका ओळीत शाळेतल्या पोरींसारखी उभी. मग हळूहळू ओळ वर चढत जाते. दोन दिवस उशीर, चार दिवस, आठवडा. आता तर चांगला पंधरवडा.

"म्हणजे पाखरू चुकायला लागलं?" मी विचारलं.

"पाखरू कशाला चुकतंय, आई? हवाच सरकलीय. तिकडं वर थंडी उशिरा पडत असेल, तर ते तरी लवकर कशाला निघेल? आणि हे बघा, आपल्याकडचा पाऊसही तसाच लांबलाय. परीट आल्यावर पाऊस हटतोय, अजून. घटाआधी धुतल्या त्या वर्षी बघा, सहा दिवस, सात दिवस. आता घटाआधी धुवायच्याच नाहीत. परीट आल्यावर."

मी उसळले. घटाआधी न धुता कसं चालेल, लोक काय म्हणतील, तुमच्या लातुरात चालत असेल! अर्धा तास भांडले. एकमेकींचं तोंडही न बघितलेल्या आजेसासू आणि नातसून माझ्याविरुद्ध एक झाल्या होत्या. मी हरले.

मग तिनं बोट ठेवलं. "बाकी सगळं ओळीत आहे. हे एकच टिपकं खाली कसं पडलंय? आमच्या कंपनीत असं टिपकं दिसलं की लाइन बंद करतेत. आणि पाच वेळा 'का' विचारतेत. या वर्षी परीट लवकर का आला?"

"आला नव्हता."

"मग लिहिलाव का?"

"तसं सांगितलं होतं म्हणून लिहिलं."

"खोटं का सांगितलाव?"

"माहेरी जायचं होतं."

"एवढी घाई का?"

"भावानं स्कूटर घेतली होती."

ती इतकी हसली, की माझा मुलगा आतून बघायला आला. मग डोळे पुसून तिनं पाचवा विचारला. "मग पुन्हा इतकी वर्षं का बोलला नाहीत?"

मी गोधडीचा सुटलेला दोरा ओढत बसले. तिनं ते ताणलं नाही. वही माझ्या पुढ्यात ठेवली, पेन दिलं. मी ती नवमी गिचमिड खोडायला लागले तर माझा हात धरला. "खोडायचं नाही, आई. रेकॉर्ड असं दुरुस्त करत नाहीत. एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा, आणि सही." मी एक रेघ मारली. शेजारी चतुर्थी लिहिली. सही केली. बेचाळीस टक्केवाल्या मॅट्रिकची सही.

वहीतलं मिटलं. पण आत्याबाईंचं नाव पाणवठ्यावर गेलं होतं, ते वहीत कसं भरून निघणार? पाणवठा राहिला नाही, गिरजाबाई मात्र होती. पंच्याऐंशीची, आमच्याच बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. तिचंही वावर याच इमारतीखाली गेलंय. दुसऱ्या दिवशी मी लिफ्टनं खाली गेले, तिच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत राहिली. मग उठून बसली. "अगं सटवे! माज्या तीन गोधड्या कुजल्या! एक माज्या आईच्या लुगड्याची हुती!"

"चूक झाली, गिरजाबाई."

"चूक? गाढवा! मला वाटलं रखमीचं डोस्कं फिरलं. आन मी गावभर बोंबललं!" तिनं उशी मांडीवर ओढली. मग बारीक आवाजात म्हणाली, "मंजी रखमी खरी हुती व्हय?"

"एकदाही चुकली नव्हती."

गिरजाबाई हे काम अर्ध्यावर सोडणारी बाई नव्हे. त्याच संध्याकाळी खाली बाकावर बसून तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला अडवलं. बी विंगची एकही गोधडी औंदा रखमीच्या पाखरानं सांगितल्याबिगर भिजणार न्हाई, म्हणजे न्हाई. विंगमध्ये बीडची माणसं, चिपळूणची, सांगलीची, कंपन्यांत राबणारी. त्यांना ना रखमी ठाऊक, ना पाखरू. पण गिरजाबाईपुढे बोलायची कुणाची छाती?

आणि मग सुरू झालं वाट बघणं. घट बसले. समोरच्या ए विंगच्या गोधड्या रीतीप्रमाणे आधीच धुऊन गच्चीवर पडल्या होत्या. त्यांच्यावर पाऊस. दसऱ्याला पाऊस. सोनं लुटायला लोक छत्र्या घेऊन आले. बी विंग गालातल्या गालात हसत होती. पण कोजागरी झाली तरी परीट नाही, तेव्हा मी दिवसातून दहादा खिडकीशी जायला लागले. नदीकाठ आता पूर्वीचा कुठे राहिलाय? आलाच नाही तर? आत्याबाईंचं नाव मी उकरून वर काढलं, ते पुन्हा मीच बुडवायचं?

अशात एक दिवस सणसणीत ऊन पडलं. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं. विंगच्या सात-आठ जणी गच्चीवर, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाण्यात एक पाखरू शेपटी आपटत चालतंय. चौथ्या मजल्यावरची नवी भाडेकरू, हिंजवडीला नोकरी करणारी पोरगी, ओरडली, "काकू, आला! आला!"

मी चष्मा लावला. काळा. थोराड. भुवई पांढरी.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. ऊन असं, की नुसतं बोट दाखवलं तर गोधडी वाळेल. 'आला' म्हणायला काय लागतं? एक शब्द. त्या शब्दाची चव माझ्या जिभेला ठाऊक होती.

"नाही," मी म्हणाले. "हा घरचा."

"काकू, धोबीच आहे ना तोही?"

"आहे. पण हा कुठून आला नाही. जो कुठून आला नाही, तो काय बातमी आणणार?"

बायका कुरकुरत उतरल्या. रात्रभर मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ढग आले आणि दोन दिवस असा झोडपला, की ए विंगनं दुसऱ्यांदा धुतलेल्या गोधड्या पुन्हा भिजल्या. मी खिडकीत उभी राहून त्या पावसाला टाळ्या वाजवल्या. या वयात शोभत नाही. पण वाजवल्या.

वसुबारसेला चार दिवस होते. सकाळी चहा घेता घेता खाली बघितलं, तर पाण्याच्या टँकरमधून गळून फरशीवर ओहळ झाला होता आणि त्यात काहीतरी पांढरं तुरुतुरु चालत होतं. मी गाऊनवर ओढणी घेऊन, काठी टेकत खाली गेले. टँकरवाला म्हणाला, "काय पडलं का आजी तुमचं?" मी त्याला गप्प केलं. पाखरू दहा पावलांवर. तोंड पांढरंधोप. छातीवर रुमाल. दमलेलं असेल, पण शेपटी थांबत नव्हती. किती डोंगर ओलांडून आलं, कुठल्या थंडीची वाट बघत तिकडे खोळंबलं होतं, कोण जाणे. उशीर झाला हे काही चांगलं नाही. ते मला कळतं. मागे दोन वर्षं परीट येऊनसुद्धा पाऊस पडला होता, तेही वहीत आहे. झाकलेलं नाही, एक खोटं पुरे. एक दिवस पाखराची आणि पावसाची कायमची फारकत होईलही. पण त्या सकाळी ते आलं होतं, माझ्या वावरात उभं होतं, आणि मी खरं बघत होते.

वॉचमनच्या केबिनमधून गिरजाबाईला फोन लावला. "आला."

"तोंड?"

"पांढरं."

"शपथ घे!"

"आत्याबाईंची."

दोन तासांत गच्चीवर जत्रा. वैशालीनं कंपनीत रजा टाकली होती. प्लॅस्टिकच्या टबांत गोधड्या, त्यांच्यावर नाचणाऱ्या बीड-चिपळूणच्या बायका, पाइपचे फवारे. गिरजाबाई खुर्चीवर बसून शिव्या देत होती, "पिळा, पिळा! जेवली न्हाईत का?" संध्याकाळपर्यंत कठड्यावर, तारांवर, सोलरच्या पत्र्यांवर रंगच रंग. त्या दिवशी ऊन. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या सकाळी मी एका गोधडीत तोंड खुपसलं, तर नुसता उन्हाचा वास, गरम भाकरीसारखा. ए विंगच्या बायका त्यांच्या कठड्याशी उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. गिरजाबाईनं इकडूनच हात उंचावून आरोळी ठोकली, "फुडल्या वर्साला रखमाबाईला इच्यारल्याबिगर पानी लावू नगासा!"

गोधडीच्या घड्या घालता घालता ती हिंजवडीवाली पोरगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकू, या रखमाबाई कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात? त्यांचा नंबर द्या ना, ग्रुपमध्ये घेते."

मी म्हटलं, "त्या फोन वापरत नाहीत गं. पण चिंता नको, निरोप पक्का असतो त्यांचा."